आइसलँडिक रॅप: अमेरिकेचा ताल, घरचा कान

प्रश्न असा आहे: "लोकसंख्या अजून चार लाखांनाही पोचलेली नाही अशा देशात, स्वतःच्याच भाषेत एवढं रॅप कसं काय होतं? आणि ते त्यांच्या मध्ययुगीन ‘रीमुर’ काव्यातून आलं असं वाचलं, ते खरं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं त्यातच अडकलंय. नाही, तिथून आलेलं नाही. आलं ते अमेरिकन रेकॉर्डवरून, जसं जगभर गेलं तसंच. फक्त तिथे ते ज्या कानांवर पडलं ते कान वेगळे होते.

मी ध्वनिमुद्रक आहे. शिक्षण पुण्यात, त्यानंतर सहा वर्षं आइसलँडची राजधानी रेक्याविकमधल्या स्टुडिओंत काम केलं, आणि त्यात निम्म्याहून जास्त रॅपच होतं. भाषा बोलता येते, विभक्त्यांत अजून ठेचकाळते. त्यामुळे हे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाचं नाही. हेडफोन लावून तोच चार ओळींचा तुकडा शंभरदा ऐकणाऱ्या बाईचं आहे. नावं मी देवनागरीत जमेल तशी लिहिली आहेत. आइसलँडिक स्पेलिंग आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीइतकं वाईट नाही, पण सरळही नाही.

आधी रीमुर म्हणजे काय ते पाहू, कारण इंग्रजी लेखांत त्याचं फार गुलाबी वर्णन असतं. रीमुर ही लांबलचक कथाकाव्यं. सर्वात जुनी समजली जाणारी रीमा (रीमुरचं एकवचन) नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्दसन याच्यावरची आहे आणि ती चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ‘फ्लातेयारबोक’ या हस्तलिखितात सापडते. तिथून पुढे पाचेकशे वर्षं हाच तिथला लोकप्रिय काव्यप्रकार होता. हिवाळ्याच्या लांब रात्री, गवताच्या छपराच्या घरातली एकच उबदार खोली, सगळे लोकर पिंजतायत, सूत काततायत, आणि एक जण ठरावीक चालीवर राजे-राक्षसांची गोष्ट म्हणतोय. वाद्य नाही. चाल चारपाच सुरांत फिरणारी. आपल्याकडच्या कीर्तनाचा रंग त्यात शोधू नका; जात्यावरच्या ओवीची एकसुरी गुंगी जास्त जवळची. फरक एवढाच की ओवीत बाई स्वतःचं मन सांगते आणि रीमुरमध्ये बहुतेकदा दुसऱ्याच कुणाची लढाई चाललेली असते.

१८३७ साली योनास हाल्ग्रिम्सन या तरुण कवीने सिगुर्दुर ब्रेइधफ्योर्द या त्या काळच्या लाडक्या रीमुरकाराची एका नियतकालिकात अशी काही चिरफाड केली, की शिकलेल्या वर्गाच्या नजरेतून हा प्रकार उतरला तो उतरलाच. विसाव्या शतकात रेक्याविक वाढलं, तेव्हा गावाकडून आलेल्या काही लोकांनी १९२९ मध्ये ‘इधुन’ नावाची मंडळी स्थापन केली, चाली गोळा केल्या, तबकड्यांवर मुद्रित करून ठेवल्या. म्हणजे २००० साली पंधरा-वीस वर्षांच्या पोरांसाठी रीमुर ही जपून ठेवलेली वस्तू होती. त्यांच्या वॉकमनमध्ये न्यूयॉर्क होतं.

मग कान वेगळे म्हणजे काय? तिथल्या पद्यात अनुप्रास हा अलंकार नाही, कायदा आहे. आपण अनुप्रास आला तर वाहवा करतो. तिथे तो चुकला तर कविता चुकली. साधा चार ओळींचा श्लोक घ्या. पहिल्या ओळीत दोन आघाती अक्षरं एकाच ध्वनीने सुरू व्हायला हवीत, त्यांना ‘स्तुध्लार’ म्हणतात, म्हणजे टेकू. दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच आघातावर तोच ध्वनी पुन्हा यायला हवा, त्याचं नाव ‘होवुधस्तावुर’, म्हणजे मुख्य अक्षर. तिसऱ्या-चौथ्या ओळीत पुन्हा नवी जोडी. त्यातही पोटनियम आहेत. कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळतो, म्हणून ‘ईस’ (बर्फ) आणि ‘एल्दुर’ (आग) यांचा अनुप्रास चालतो. पण ‘स्त’ फक्त ‘स्त’शीच. नुसत्या ‘स’ला तो चालत नाही. हे नियम फक्त पंडितांना ठाऊक असतात असं समजू नका. शाळेत शिकवतात, वाढदिवसाला लोक चारोळ्या रचतात, दैनिकात चारोळ्यांचं सदर चालतं, आणि टेकू चुकला तर एखादे आजोबा ‘हं’ करून भुवई उचलतात.

आणखी एक जुना खेळ आहे: दोघांनी आळीपाळीने श्लोक म्हणायचे, आणि आधीच्याचा श्लोक ज्या अक्षरावर संपला त्या अक्षराने आपला सुरू करायचा. हो, भेंड्याच. मला तो पहिल्यांदा कुणी समजावून सांगायला लागलं तेव्हा मी मध्येच तोडून उरलेला नियम सांगून टाकला. समोरचा जरा हिरमुसलाच.

आता गंमत अशी की बहुतेक आइसलँडिक रॅपर हे टेकूंचे नियम पाळतच नाहीत. कधी हौसेने, कधी टिंगल म्हणून वापरतात. म्हणून वारशाचा दावा मला पटत नाही. पोवाड्याला ‘आपलं रॅप’ म्हणतात, तसंच हे आहे. म्हणायला छान, पण त्याने ना पोवाडा कळतो ना रॅप. तरी ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असणं, ओळीत काय कुठे बसलंय हे त्याला सहज जाणवणं, ही तयारी मात्र तिथे घरोघर आहे. दुसऱ्या कुठल्या देशात रॅपरला असा श्रोता फुकट मिळाला असेल असं वाटत नाही.

तरी सुरुवात इंग्रजीतूनच झाली. १९८६ पर्यंत देशात खासगी रेडिओ नव्हता. मक्तेदारी उठली आणि त्यानंतरच्या दशकात रॅपला हवेत जागा मिळाली. १९९६ मध्ये ‘क्वाराशी’ हा गट सुरू झाला, १९९७ मध्ये ‘सबटेरेनियन’ या गटाचा अल्बम आला, आणि दोघंही इंग्रजीत. क्वाराशी तर कोलंबियासारख्या अमेरिकन कंपनीपर्यंत पोचले, २००२ मध्ये तिथून त्यांचा ‘जिंक्स’ हा अल्बम निघाला. बाहेर विकायचं तर इंग्रजी, हे कारण कुणीही सांगेल. पण त्या काळातले लोक माझ्याशी बोलताना वेगळंच सांगायचे: आइसलँडिक बीटवर बसतच नाही, अशी त्यांची खात्री होती. ऐकायला मूर्खासारखं वाटतं, म्हणायचे.

ही खात्री वेडगळ नव्हती. आइसलँडिकमध्ये शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असतो. इंग्रजी रॅपची ओळ बहुतेकदा एखाद्या हलक्या शब्दावर पाय ठेवून मग ठोक्यावर उडी मारते. आइसलँडिकमध्ये ‘एक’ या अर्थाचं उपपद नाही आणि ‘तो’ या अर्थाचं उपपद शब्दाच्या शेपटाला चिकटतं: ‘हेस्तुर’ म्हणजे घोडा, ‘हेस्तुरिन’ म्हणजे तो घोडा. त्यामुळे उडीआधीची ती पायरीच गायब. ओळ थेट ठोक्यावर आदळते आणि मग खाली उतरत जाते. अमेरिकन चालीची नक्कल करायला गेलं की शब्दांचे आघात चुकतात, आणि आघात चुकलेली आइसलँडिक म्हणजे परदेशी माणसाची आइसलँडिक. मराठीत आघात असा कडक नाही, आपण लघु-गुरू मोजतो, म्हणून आपल्याला ही अडचण चटकन जाणवणार नाही.

दुसरी अडचण यमकाची. ‘दागुर’ म्हणजे दिवस, ‘फागुर’ म्हणजे सुंदर. झकास यमक. पण वाक्यात दोन्ही शब्द कर्म झाले की एकाचं ‘दाग’ होतं आणि दुसऱ्याचं ‘फाग्रान’. यमक गेलं! म्हणजे यमक शोधायचं तर दोन शब्द शोधून भागत नाही, दोघांना एकाच विभक्तीत आणून उभं करेल असं वाक्य रचावं लागतं. उलट बाजूने, प्रत्यय इतके सारखे असतात की नुसतं शेवटचं ‘आर’ किंवा ‘उर’ जुळवणं कुणालाही जमतं, म्हणून त्याला कुणी यमक मानत नाही. दोन अक्षरं मागे जाऊन आघाती स्वरापासून जुळवलं तरच श्रोत्याची मान हलते.

ही कोंडी फुटली २००० ते २००१ या दोन वर्षांत. रेक्याविकमध्ये १९८२ पासून तरुण बँडांची एक वार्षिक स्पर्धा होते, नावाचा अर्थ ‘संगीताचे प्रयोग’. २००० साली ती जिंकली ‘११० रॉटवायलर’ने. ११० हा आउर्बाइर या उपनगराचा पोस्टाचा क्रमांक. पुढे तेच ‘एक्सएक्सएक्स रॉटवायलर हुंदार’ झाले. हुंदार म्हणजे कुत्रे. त्यातला ठळक आवाज एर्पुर एविंदार्सनचा. नाव तसं ‘एड्डा’ या देव-वीरांच्या प्राचीन काव्यातलं, तोंड मात्र अजिबात नाही. एर्पुरचा भाऊ एयोल्फुर, रॅपमधलं नाव सेसार आ. २००१ मध्ये त्याचा ‘शांततेनंतरचं वादळ’ या अर्थाच्या नावाचा अल्बम आला. ‘वादळापूर्वीची शांतता’ हा वाक्प्रचार तिकडेही आहे. त्याने तो उलटा केला. संपूर्ण आइसलँडिक रॅपचा पहिला अल्बम म्हणून मान सहसा त्याला देतात. त्याच वर्षी रॉटवायलरचाही पहिला अल्बम निघाला, आणि गाजला तो हा.

त्यांनी काय केलं? माझ्या कानाने सांगते. अमेरिकन उडी सोडून दिली. ओळ ठोक्यावरच सुरू केली, शब्दाचं पहिलं अक्षर हातोड्यासारखं वापरलं, आणि लांब जोडशब्दांना घाबरण्याऐवजी त्यांचा फायदा घेतला. आइसलँडिक जोडशब्दात प्रत्येक घटकाच्या पहिल्या अक्षरावर छोटा आघात राहतो, त्यामुळे असा एकच शब्द सबंध अर्धी ओळ तालात चालून जातो. या सगळ्यावर भाषा वापरली ती रस्त्यावरची, शिव्यांसकट.

त्या शेवटच्या गोष्टीने जास्त खळबळ झाली. ज्या देशाने संगणकासाठी ‘संख्या’ आणि ‘भविष्य सांगणारी बाई’ हे शब्द जोडून ‘तोल्वा’ असा नवा शब्द घडवला, तिथे भाषाशुद्धी ही सभ्यतेची खूण असते. आणि ही पोरं इंग्रजी शिव्यांना आइसलँडिक प्रत्यय लावत होती. पण जरा थांबून पाहा, प्रत्यय लावत होती! ‘राप्पा’ म्हणजे रॅप करणं. ‘मी राप्पा’, पण ‘आम्ही’ आलं की ‘रोप्पुम’. प्रत्ययातल्या ‘उ’मुळे मागचा ‘आ’ बदलतो. हा नियम भाषेत शतकानुशतकं चालत आलाय आणि काल आलेल्या शब्दाला त्याने काही विचारलंही नाही. लिखाणातही ते ‘हिप्पहोप्प’ असं दोन-दोन ‘प’ लावून आपल्या पद्धतीने लिहितात. पुढच्या पिढीतल्या एकाने तर ‘एमसी’ (म्हणजे रॅपर) ही इंग्रजी अक्षरं आइसलँडिक वर्णमालेच्या उच्चाराप्रमाणे लिहून नावच घेतलं, एम्स्ये गोइती. भाषा बिघडली म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बिघडलेली भाषा एवढं व्याकरण पाळत नाही.

या दुहेरी ‘प’वरून माझी फजिती सांगायलाच हवी. आइसलँडिकमध्ये प्प, त्त, क्क यांच्या आधी एक बारीक उच्छ्वास येतो. ‘राप्प’ खरं तर ‘राह्प’ असं ऐकू येतं. आपल्या ‘ख’, ‘फ’मध्ये श्वास व्यंजनानंतर सुटतो, इथे आधी. नवीन असताना मी एका रॅपरच्या ट्रॅकवर आवाजांमधली खरखर कापायला नॉइज गेट लावला आणि गेटने ते सगळे उच्छ्वास खाऊन टाकले. ऐकून तो म्हणाला, "हे कोण आहे? हा माणूस इथे जन्मलेला नाही." तेव्हापासून आइसलँडिक रॅपला मी गेट लावत नाही, हातानेच साफ करते. डी-एसरही (‘स’ची शिट्टी दाबणारं साधन) खालच्या पट्टीत ठेवावा लागतो, कारण त्यांचा ‘स’ आपल्या ‘स’ आणि ‘श’च्या मध्ये कुठेतरी असतो. हे उच्छ्वास बीटमधल्या हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमच्या झांजांच्या, इतके जवळ बसतात की नीट मिक्स केलं तर गाणाराच अर्धा ड्रम वाजवतोय असं वाटतं.

२००२ आणि २००३ मध्ये अशा गटांचा पूर आला. बेन्त आणि स्योबेर्ग, आफ्क्वाइमी गुधाना, फॉरगॉटन लोर्स, उत्तरेकडच्या आकुरेरीहून स्कितुर्नार. मग ओसरला. पाच-सहा वर्षं रॅप करणं जरा जुनाट समजलं जायचं. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक सोडून: ब्रेइधहोल्त उपनगरातलं पालिकेचं युवा केंद्र ‘रीम्नाफ्लाइधी’ ही किशोरवयीनांची रॅप स्पर्धा भरवत आलं. नावाचा अर्थ यमकांचा प्रवाह. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. एवढासा देश, पण प्रत्येक भागात पोरांसाठी केंद्र, तिथे माइक, कुणीतरी मोठं माणूस, आणि वर्षातून एकदा स्टेज. प्रतिभा काय कुठेही असते. तापलेली खोली आणि चालू माइक सगळीकडे नसतो.

२०११ च्या सुमारास गीस्ली पाउल्मीचे व्हिडिओ इंटरनेटवर आले आणि सूर बदलला. ट्रॅप या रॅपच्या नव्या प्रकाराचा संथ, जड ताल. या तालात मोकळी जागा जास्त, त्यामुळे आघाताची जुनी भांडणं सौम्य झाली, शब्द हवा तिथे टाकता येऊ लागला. २०१५ मध्ये त्याचा अल्बम आला, त्याच वर्षी उत्तरेतल्या छोट्या गावातून आलेल्या ‘उल्वुर उल्वुर’चा (‘लांडगा लांडगा’) ‘दोन ग्रह’ या अर्थाच्या नावाचाही. माझ्या मते आइसलँडिकमध्ये गाणं आणि रॅप यांचा सांधा सर्वात बेमालूम तिथे जुळलाय. २०१६ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या आरोन कानने आपल्या मिक्सटेपच्या नावात ‘स्त्राउकिन’ (पोरगा) हा शब्द मुद्दाम ‘क’च्या जागी ‘ग’ घालून लिहिला. त्याचे वडील तुर्की वंशाचे. शुद्धलेखनाच्या देशात एका अक्षराची ती खोडी किती बोलकी होती, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. कोपावोगुरचा एक जण स्वतःला ‘हेर्रा ह्नेतुस्म्योर’ म्हणवतो, म्हणजे श्रीयुत पीनट बटर. २०१७ मध्ये योईपे आणि क्रोली या दोन पोरांचं ‘बोबा’ हे गाणं बालवाडीपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. त्या हिवाळ्यात टॅक्सी, जिम, पोहण्याचा तलाव, कुठेही गेलं तरी सुटका नव्हती.

बायकांचं वेगळं सांगते, कारण ती गोष्ट वेगळ्या दारातून आली. २०१३ मध्ये रेक्याविकच्या एका बारमध्ये फक्त बायकांसाठी रॅपच्या रात्री सुरू झाल्या. कुणीही या, वाचून म्हटलं तरी चालेल. त्यातून वीसेक जणींचा ‘रेक्याविकुरदाइतुर’ हा समूह उभा राहिला. अर्थ ‘रेक्याविकच्या मुली’, आणि आडनावाऐवजी ‘अमक्याची मुलगी’ असं लावणाऱ्या देशात हे नाव दोन्हीकडून लागतं. नाव मोठ्याने म्हणून पाहा: रे-क्या-वि-कुर-दाइ-तुर. जड-हलकं, जड-हलकं, जड-हलकं. मघाशी जोडशब्दाबद्दल म्हटलं ते हेच. सुरुवातीला त्यांची टिंगल झाली. ताल चुकतो म्हणून बरीच, आणि काही वेळा ती खरीही होती. २०१६ मध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या सादरीकरणादरम्यान एक पाहुणी उठून निघून गेली आणि देशभर आठवडाभर त्यावरच चर्चा. २०२२ मध्ये युरोव्हिजनसाठीच्या राष्ट्रीय निवडफेरीत त्याच मुली शेवटच्या दोघांत होत्या. उपांत्य फेरीत गाणं आइसलँडिकमध्ये म्हटलं, अंतिम फेरीत इंग्रजीत. हरल्या. आइसलँडिक रूप जास्त चांगलं होतं, हे माझं मत मी तिथे बऱ्याच जणांना ऐकवलंय.

लहान देशाचा एक परिणाम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. रॅपमध्ये दुसऱ्याला शिव्या घालणं आलंच. जुन्या आइसलँडमध्ये निंदाकाव्य रचलं तर हद्दपारीची शिक्षा होती, तेराव्या शतकातल्या कायद्याच्या हस्तलिखितांत ते लिहिलेलं आहे. आता कायदा काही करत नाही, पण ज्याची आई-बहीण काढली तो दुसऱ्या दिवशी सार्वजनिक तलावाच्या गरम पाण्याच्या कुंडात, गळ्याइतक्या पाण्यात, समोरच बसलेला असतो. म्हणून तिथली भांडणं बरीचशी चेष्टेकडे झुकतात, आणि एकमेकांच्या गाण्यात पाहुणा म्हणून येणं फार. नाहीतरी सगळे त्याच दोन-चार बारमध्ये भेटणार.

इंग्रजी परत येईल का, असंही बरेच जण विचारतात. मुलांचं सगळं पाहणं-खेळणं इंग्रजीत चाललंय, त्याची तिथे खरी धास्ती आहे. रॅपमध्येही इंग्रजी शब्द वाढलेत, इंग्रजीतच करणारे आहेतच. पण स्टुडिओत मी जे पाहिलं ते असं: पोरगा दारातून इंग्रजीत बडबडत येतो, फोनवरचा सगळा मजकूर इंग्रजी, आणि माइकसमोर उभा राहिला की आइसलँडिक. मी एकाला कारण विचारलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला की इंग्रजीत माझ्यापेक्षा चांगले लाखभर आहेत.

ऐकायला सुरुवात करायची तर काळाच्या क्रमाने जाऊ नका, रॉटवायलरचा पहिला अल्बम शब्द कळल्याशिवाय नुसता आरडाओरडा वाटेल. आधी उल्वुर उल्वुरचा २०१५ चा अल्बम, मग आरोन कान, मग रेक्याविकुरदाइतुर, आणि मग मागे २००१ कडे. मध्ये कधीतरी स्तेइंदोर आंदेर्सन या गायकाने ‘सिगुर रोस’ बँडसोबत केलेलं रीमुरचं छोटं मुद्रण ऐका, तेही २००१ चंच आहे. दोन्ही एकामागोमाग लावलं की चालीत काहीच साम्य नाही हे लगेच कळेल. मग गाणं विसरून प्रत्येक ओळीचं फक्त पहिलं अक्षर ऐका. इअरफोन बरे असतील तर ‘प्प’, ‘त्त’च्या आधीचा तो श्वासही येईल.